ट्रंकेट रोलबॅक करता येतं का? आणि मुलाखतीतले इतर मोघम प्रश्न

उघडा कंस (धागाकर्ता):

डेटाबेसची मुलाखत म्हटली की "डिलीट आणि ट्रंकेट यांत फरक काय?" हा प्रश्न ठरलेला (डिलीट म्हणजे टेबलातल्या ओळी पुसणं, ट्रंकेट म्हणजे आख्खं टेबल एका झटक्यात रिकामं करणं). पाठोपाठ "ट्रंकेट रोलबॅक करता येतं का?" रोलबॅक म्हणजे केलेला बदल मागे घेणं. तयार प्रश्नोत्तरांच्या याद्यांमध्ये उत्तरही ठरलेलं असतं: डिलीट रोलबॅक होतं, ट्रंकेट होत नाही, कारण ते डीडीएल (टेबलांची रचना ठरवणाऱ्या आज्ञांचा गट) आहे. उमेदवार घडाघडा सांगतो, समोरचा मान डोलावतो, गाडी पुढे.

आता हेच उत्तर प्रत्यक्ष चालवून बघा. ओरॅकलमध्ये ते बरोबर आहे. तिथे डीडीएल चालवलं की आपोआप कमिट (बदल कायमचा पक्का) होतं, परतीची वाट बंद. मायएसक्यूएलमध्येही तसंच. पोस्टग्रेसमध्ये मात्र बिगिन लिहा (इथून ट्रान्झॅक्शन सुरू: पुढच्या आज्ञा एकत्र पक्क्या होतात किंवा एकत्र मागे जातात), टेबल ट्रंकेट करा, काउंट घ्या: शून्य. रोलबॅक करा, पुन्हा काउंट घ्या: सगळ्या ओळी जागच्या जागी. एसक्यूएल सर्व्हरमध्येही उघड्या ट्रान्झॅक्शनच्या आत ट्रंकेट मागे घेता येतं. म्हणजे चार नावाजलेल्या डेटाबेसपैकी दोन "नाही" म्हणतात आणि दोन "हो".

मग होतं असं, की ज्याने पोस्टग्रेसवर खरोखर काम केलंय तो "हो" म्हणतो आणि त्याच्या नावापुढे फुली पडते. ज्याने यादी पाठ केली तो पास. आमच्याकडे अलीकडे एका चांगल्या उमेदवाराच्या बाबतीत नेमकं हेच झालं, म्हणून हा धागा.

मोघम प्रश्न विचारूच नयेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या दोन जाती आहेत. एकात विचारणाऱ्याला ठाऊक असतं की माहिती अपुरी आहे. उमेदवार ती मागतो का, हेच त्याला बघायचं असतं. दुसऱ्यात विचारणाऱ्याच्या डोक्यात स्वतःच्या कामाचा संदर्भ इतका मुरलेला असतो की तो सांगायचा राहिलाय हे त्याच्या गावीही नसतं. कागदावर दोन्ही प्रश्न सारखेच दिसतात. फरक कळतो तो उलट प्रश्न केल्यावर. "कुठला डेटाबेस धरू?" यावर "का, फरक पडतो का? सांगा बघू" असं आलं तर पहिली जात. "अहो, बेसिक प्रश्न आहे, हो की नाही एवढंच सांगा" असं आलं तर दुसरी.

तुमच्याकडचे नमुने टाका. टेबलाच्या अलीकडचे, पलीकडचे, दोन्ही चालतील.


रात्रपाळी:

"क++ + ++क" राहिलाच की! (क म्हणजे कुठलंही व्हेरिएबल, आधी ५ ठेवलेलं. ++ म्हणजे त्यात एक वाढवा: मागे असेल तर जुनी किंमत वापरून मग, पुढे असेल तर वापरण्याआधी.) लेखी फेरीत छापून येतो: आउटपुट काय? पर्याय ११, १२, १३ आणि "कंपाइल एरर". भाषा कुठली, पत्ता नाही.

जावा असेल तर १२, दर वेळी, दर मशीनवर. डावीकडून उजवीकडे हा क्रम भाषेनेच बांधून दिलाय: डावीकडून ५ मिळाले, क ६ झाला, मग ७ झाला, ५ आणि ७ बारा. सी असेल तर एकाच एक्स्प्रेशनमध्ये क दोनदा बदलतोय आणि आधी कुठला बदल, हे भाषेने ठरवलेलंच नाही. स्टँडर्डच्या लेखी हे अनडिफाइन्ड, कंपायलर काहीही करायला मोकळा. तुमच्या मशीनवर १२ येतीलही, पण म्हणून ते उत्तर ठरत नाही. सी++ मध्ये २०१७ च्या स्टँडर्डने "क = क++" ला निश्चित अर्थ दिला, पण बेरजेच्या दोन बाजूंचा क्रम तेव्हाही मोकळाच ठेवला.

पायथनची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ++ नावाचा ऑपरेटरच नाही, तरी ही ओळ बिनतक्रार चालते! पाच अधिकचिन्हांतलं पहिलं बेरजेचं, उरलेली चार नुसती धन चिन्हं. उत्तर १०. ते त्या चार पर्यायांत नव्हतंच.


जुना कंपायलर:

मी पलीकडच्या खुर्चीतला, आणि मुद्दाम मोघम विचारणाऱ्यांपैकी. थोडी बाजू मांडतो.

माझा आवडता प्रश्न: "दहा लाख पूर्णांक आहेत, चढत्या क्रमाने लावा." बस. पुढे मी गप्प. काही जण लगेच क्विकसॉर्ट लिहायला घेतात. लिहू देतो. पण मला ज्याची वाट असते तो आधी विचारतो: आकडे ३२ बिटांचे का? मग एकूण भरले ४ एमबी, मेमरीत आरामात मावतात, भाषेतला तयार सॉर्ट वापरा आणि विषय संपवा. फारच घाई असेल तर ८-८ बिटांचे चार फेरे मारून रेडिक्स सॉर्ट. दहा लाखांचे शंभर कोटी झाले तर ४ जीबी. मशीनची मेमरी तेवढी नसेल तर तुकडे सॉर्ट करून फायलींवरून मर्ज करावे लागतील. आकडे पुन्हापुन्हा येत नाहीत अशी खात्री असेल तर ५१२ एमबीचा बिटमॅप (प्रत्येक संभाव्य आकड्यासाठी एक बिट) पुरतो, सॉर्टच नको. आणि सगळ्यात शहाणा प्रश्न: सगळे क्रमाने कशाला हवेत? फक्त मोठ्यातले मोठे शंभर हवे असतील तर छोट्या हीपवर (आतापर्यंतचे मोठे आकडे हाताशी ठेवणाऱ्या रचनेवर) भागतं.

एका ओळीच्या प्रश्नातून इतकं निघतं. सगळा संदर्भ मीच आधी ओतला तर उरलं काय तपासायला? काम सांगायला येणारे लोक तरी कुठे सगळं नीट सांगतात? "रिपोर्ट स्लो आहे, बघा जरा" एवढंच येतं.

(अवांतर: २००७ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून गूगलमध्ये गेले होते, तेव्हा गूगलचे त्या वेळचे प्रमुख एरिक श्मिट यांनी त्यांना हाच दहा लाख पूर्णांकांचा प्रश्न टाकला होता. बबल सॉर्ट (सॉर्टची साधी पण संथ पद्धत) बरोबर ठरणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि सभागृहात हशा पिकला. उलट प्रश्न मात्र त्यांनीही केला नाही.)


उघडा कंस:

कंपायलरसाहेब, तुमचा प्रश्न पहिल्या जातीतला, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण एक सांगा, "इथे प्रश्न विचारलेले चालतात" हे उमेदवाराला आधी सांगता का? तुम्ही गप्प बसता, आणि समोरच्याला वाटतं की घड्याळ सुरू झालं. क्विकसॉर्ट लिहायला घेणारा कदाचित विचार न करणारा नसेलही. त्याला तुमच्या खेळाचे नियम ठाऊक नाहीत, एवढंच. मग तुम्ही त्याचं डोकं तपासताय की त्याने आधी किती मुलाखती दिल्यात ते?


नवखी:

हे अगदी खरं आहे. आम्हाला तोंडी परीक्षांपासून सवय लावलेली असते की परीक्षकाला उलट प्रश्न केला म्हणजे उत्तर येत नाही आणि वेळ काढताय. मला एकदा विचारलं, "स्टॅटिक म्हणजे काय?" मी म्हटलं, "सीमधला की जावामधला?" त्यावर "कन्सेप्ट एकच असतो, तो सांगा."

कन्सेप्ट एक कसा? सीमध्ये फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला स्टॅटिक लावलं तर फंक्शन संपलं तरी त्याची किंमत टिकते. तोच शब्द फंक्शनच्या बाहेर लावला तर ते नाव त्या फाइलपुरतं राहतं, दुसऱ्या फाइलमधून दिसत नाही. जावामध्ये स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्टची नव्हे, क्लासची मालमत्ता. मी तिन्ही सांगितले. फीडबॅकमध्ये आलं, "बेसिक्स क्लिअर नाहीत, गोंधळलेली वाटली."


रात्रपाळी:

@नवखी, वाईट वाटून घेऊ नका, तुमचं उत्तर त्यांच्या प्रश्नापेक्षा बरं होतं. 😄

एक युक्ती सांगतो, बऱ्याच ठिकाणी चालते. नुसता उलट प्रश्न टाकून थांबायचं नाही. गृहीत धरून उत्तर द्यायचं आणि गृहीतक मोठ्याने बोलायचं. "मी जावा धरून बोलते, सीमध्ये हे वेगळं आहे, हवं असेल तर तेही सांगते." किंवा "पोस्टग्रेसमध्ये होतं, ओरॅकलमध्ये नाही. तुमच्याकडे कोणता आहे?" समोरचा पहिल्या जातीचा असेल तर खूश होतो. दुसऱ्या जातीचा असेल तर त्याला हवा तो तुकडा उचलून तो बरोबरची खूण करतो आणि त्याचा अहंकारही शाबूत राहतो. यात लबाडी काही नाही. प्रॉडक्शनमध्ये बग आला की आपण असंच तर बोलतो.


जुना कंपायलर:

धागाकर्त्याचा मुद्दा मान्य. पुढच्या वेळेपासून सुरुवातीलाच सांगेन की हवं ते विचारा. तरी माझी एक शंका आहे. नियम सांगितला की सगळेच प्रश्न विचारायला लागतात, नुसते विचारायचे म्हणून. "युजर किती? रीड जास्त की राइट?" हे मंत्र हल्ली पाठ असतात. यूआरएल छोटा करायची सिस्टीम डिझाइन करा म्हटलं की "दिवसाला किती यूआरएल?" विचारतात, मी आकडा सांगतो, आणि मग त्या आकड्याचं काहीच करत नाहीत! ६२ चिन्हांची सात अक्षरं म्हणजे साडेतीन लाख कोटी पत्ते. मी दिलेल्या आकड्याने भागून हे किती वर्षं पुरतील, एवढं तरी काढा. विचारलेल्या माहितीने उत्तर बदललं नाही तर तो प्रश्न कशाला विचारला?


टेबलस्कॅन:

वरच्या शेवटच्या वाक्याला +१००. संदर्भ मागणं सोपं, वापरणं अवघड.

मूळ ट्रंकेटच्या प्रश्नाकडे. तो टाकून देण्याची गरज नाही, नीट विचारायची गरज आहे. मी असा विचारतो: "रोज रात्री एक जॉब टेबल ट्रंकेट करतो आणि नव्याने भरतो. एका रात्री भरताना मध्येच जॉब पडला. सकाळी रिपोर्ट उघडणाऱ्याला काय दिसेल?"

ओरॅकलवर काम केलेला सांगतो, टेबल रिकामं दिसेल: ट्रंकेट तेव्हाच कमिट झालं, अर्धवट इन्सर्ट मागे गेले. पोस्टग्रेसवाला विचारतो, दोन्ही पायऱ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहेत का? असतील तर कालचा डेटा जसाच्या तसा दिसेल. दोघेही बरोबर. मग मी पोस्टग्रेसवाल्याला पुढे ढकलतो: "जॉब पडला नाही, पण भरायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात कुणी रिपोर्ट उघडला तर?" इथे खरी परीक्षा. ट्रंकेट पोस्टग्रेसमध्ये टेबलावर सगळ्यात कडक लॉक घेतं, साधं सिलेक्टही चाळीस मिनिटं ताटकळत बसतं. ज्याने हे भोगलंय तो लगेच म्हणतो, दुसऱ्या टेबलात भरा आणि शेवटी नावं बदला. त्याहून खोलातला माणूस सांगतो की आधीच स्नॅपशॉट घेऊन बसलेल्या ट्रान्झॅक्शनला ट्रंकेट कमिट झाल्यावर ते टेबल रिकामं दिसू शकतं, म्हणजे नेहमीचा एमव्हीसीसीचा (दुसऱ्यांचे बदल सुरू असले तरी आपल्याला आपल्या स्नॅपशॉटमधलाच डेटा दिसण्याचा) भरवसा इथे धरायचा नाही.

पाठ केलेल्याला यातलं पहिलंही जमत नाही, आणि काम केलेल्याला फुली पडत नाही. प्रश्नाला फक्त दोन वाक्यं जास्त लागली.


वाचनमात्र:

नेहमी वाचतो, आज लिहितो. मी एचआरमध्ये आहे, टेक्निकल नाही. पण पहिल्या फेरीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं असलेली शीट आमच्याकडूनच जाते, तेव्हा थोडं पाप आमच्याही खात्यात.

अडचण समजून घ्या. अर्ज शेकड्यांनी येतात. फोनवर पहिली चाळणी लावणारी व्यक्ती पुष्कळदा कोड लिहिणारी नसते. तिच्याकडे प्रश्न आणि उत्तर असे दोन कॉलम असतात. उमेदवार "अवलंबून आहे" म्हणाला की ती अडकते.

आमच्या क्षेत्रातलं एक संशोधन इथे सांगण्यासारखं आहे. निवडीच्या कुठल्या पद्धतीतून पुढची कामगिरी किती कळते, यावर १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांचा प्रसिद्ध आढावा आला होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासले. त्यांत आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण द्यायची पट्टी आधी ठरलेली, सगळ्यांत वर आली: ०.४२ (० म्हणजे कामगिरीशी काहीच संबंध नाही, १ म्हणजे अचूक अंदाज). मनाला येईल तशी घेतलेली मुलाखत ०.१९ वर. आणि कोड्यांच्या प्रश्नांबद्दल तर गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं होतं की तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, त्यातून काहीही कळत नाही.

म्हणून "आमचे प्रश्न आखीव आहेत" असं आम्ही छाती फुगवून सांगतो. पण हा धागा वाचून लक्षात येतंय की पट्टीच चुकीची असेल तर आखीवपणाने चूक सगळ्यांवर सारखी लादली जाते, बस.


उघडा कंस:

@वाचनमात्र, लिहीत जा हो. शीटमध्ये तिसरा कॉलम टाका: "कुठे लागू". ट्रंकेटच्या ओळीत तिथे "ओरॅकल, मायएसक्यूएल" लिहिलं की फोनवरची व्यक्ती प्रश्नच तसा विचारेल. आणि ज्या प्रश्नाचा तिसरा कॉलम भरताना प्रश्न तयार करणाराच अडखळतो, तो फोनच्या फेरीतून काढा. तो समोरासमोर बसूनच विचारायचा प्रश्न आहे.


जुना कंपायलर:

हा कॉलम आवडला, पण सगळीकडे भरता येईल का? "मधे घालायचं असेल तर अ‍ॅरे बरा की लिंक्ड लिस्ट?" याचं पुस्तकी उत्तर लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटक, म्हणजे नोड, पुढच्याचा पत्ता धरून असतो), कारण घालायला स्थिर वेळ. घालायची जागा शोधायला पूर्ण यादी चालावी लागते ते कुणी मोजत नाही. नोड मेमरीत विखुरलेले, म्हणून कॅशचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा) फायदा नाही. अ‍ॅरेमध्ये एकदा ६४ बाइटांची कॅश लाइन आणली की पुढचे कित्येक आकडे फुकटात मिळतात. सी++ चे जनक ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप २०१२ पासून आलेख दाखवून सांगताहेत की लहान घटकांच्या क्रमवार यादीत शोधून घालायचं असेल तर मोठ्या आकारालाही व्हेक्टरच (सी++ मधला सलग मेमरीतला, वाढवता येणारा अ‍ॅरे) पुढे राहतो. मग "कुठे लागू" मध्ये काय लिहायचं? घटक केवढा, जागा आधीच हातात आहे का, मशीन कसलं... कॉलम पुरणार नाही.


टेबलस्कॅन:

नाही पुरला तर उत्तमच, वर म्हटलंय तसं तो प्रश्न फोनचा नाही.

@नवखी, तुमच्यासाठी एक, सराव म्हणून. आधी वाईट रूपात: "इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून कॉलमची क्रमवार सूची) लावला की क्वेरी वेगवान होते का?" आता चांगल्या रूपात: ऑर्डरींचं टेबल, २ कोटी ओळी. स्टेटस कॉलममध्ये चारच किमती: नवी, पाठवलेली, पोचलेली, रद्द. कुणीतरी स्टेटसवर इंडेक्स लावला. "पोचलेल्या ऑर्डरी दाखवा" ही क्वेरी आधीइतकीच हळू. का?


नवखी:

बघते. जुनं टेबल असेल तर बहुतेक ऑर्डरी पोचलेल्याच असणार, समजा ९० टक्के. मग इंडेक्समधून जाऊनही जवळजवळ सगळं टेबल वाचायचंच आहे, वर इंडेक्सचा फेरा जास्तीचा. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) तो इंडेक्स बाजूला ठेवून सरळ पूर्ण टेबल वाचत असेल. "रद्द" साठी हाच इंडेक्स कदाचित उपयोगी पडेल, त्या थोड्या असतील तर.

पण क्वेरी सगळ्या पोचलेल्या मागते की शेवटच्या काही?


टेबलस्कॅन:

स्क्रीनवर शेवटच्या वीस, तारखेनुसार उलट्या क्रमाने.


नवखी:

मग स्टेटस आणि तारीख असा जोड इंडेक्स. "पोचलेली" च्या टोकाला जाऊन वीस नोंदी उचलायच्या, सॉर्टही करावं लागणार नाही.

थांबा, तारीख कुठली? ऑर्डर दिल्याची की पोचल्याची?


टेबलस्कॅन:

दिल्याची. हे फार थोडे जण विचारतात. आता सांगा, ९० टक्के पोचलेल्याच आहेत तर स्टेटस कशाला हवा? नुसत्या तारखेवर इंडेक्स लावून शेवटून चालत गेलं तर वीस लगेच मिळतील की.


नवखी:

नाही मिळणार. एकूण टेबलात ९० टक्के असल्या तरी अगदी ताज्या ऑर्डरी अजून पोचलेल्याच नसतात. शेवटच्या दोन-चार दिवसांतल्या सगळ्या "नवी" नाहीतर "पाठवलेली". तेवढ्या ओलांडाव्या लागतील, आणि सणासुदीच्या गर्दीत त्याच लाखांत असतील. पोचल्याची तारीख असती तर नुसत्या त्या कॉलमवरच्या इंडेक्सने भागलं असतं, कारण न पोचलेल्यांची ती तारीख रिकामीच असते. दिल्याची आहे तर जोड इंडेक्सच.